सांध्याचे अर्थशास्त्र

‘किरकोळ’ हा शब्द आपल्या कार्यालयीन मराठीत मोठीच कामगिरी बजावीत असतो. ज्या खर्चाचा विचार करण्याची कोणाचीच इच्छा नसते, तो खर्च किरकोळ. गेल्या वर्षी आमच्या भिवंडीतील महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेसाठी वीस नवी यंत्रे घेण्याचे ठरले, तेव्हा खरेदी समितीचा एक सदस्य या नात्याने प्रस्तुत लेखकाने ज्या कागदावर सही केली, त्याची शेवटची ओळ अशी होती : ‘केबल, अडॅप्टर इत्यादी किरकोळ, नग २०’. प्रोसेसर कोणता असावा, मेमरी किती असावी, हमी तीन वर्षांची की पाच, यांवर समितीने दोन बैठका खर्ची घातल्या होत्या. शेवटच्या ओळीला दोन मिनिटेही मिळाली नाहीत. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे शोभले नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

समितीने एक निर्णय मात्र योग्य घेतला होता. जुने वीस मॉनिटर चांगले चालत होते. तेव्हा नव्या कॅबिनेटला, म्हणजे आपण ज्याला सर्रास सीपीयू म्हणतो त्या पेटीला, तेच जोडावेत आणि तो पैसा वाचवावा. पेट्या आल्या, टेबलांवर मांडल्या गेल्या, आणि मग लक्षात आले की मॉनिटरमागे जी निळ्या रंगाची, तीन ओळींत पंधरा पिना असलेली, दोन बाजूंनी स्क्रू पिळून बसवण्याची जोडणी होती, तिला बसेल असे छिद्र नव्या पेटीला कोठेही नाही. तेथे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट अशी दोन चपटी छिद्रे होती. ‘किरकोळ’ची गाठोडी सोडली. त्यात सर्वांत कमी दराच्या निविदेप्रमाणे आलेल्या, प्रत्येकी एकशे दहा रुपयांच्या वीस केबली होत्या. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला निळी व्हीजीए. दोन्ही टोके अगदी चपखल बसली. वीसच्या वीस मॉनिटरांवर ‘नो सिग्नल’ ही दोन अक्षरे काही क्षण तरंगली आणि पडदे काळे झाले.

मग जे आपल्याकडे होते तेच झाले. पुरवठादार म्हणाला, मॉनिटर जुने झाले, ते बदला. कोणी म्हणाले, सॉफ्टवेअर नीट टाकलेले नाही. तीन आठवडे एकेका चालू यंत्रापुढे चार-चार विद्यार्थी उभे राहून प्रात्यक्षिक ‘पाहत’ होते. ही मुले बहुतांशी यंत्रमाग कामगारांच्या, गोदामांतील हमालांच्या, रिक्षा चालवणाऱ्यांच्या घरांतली. घरी संगणक असलेली फार थोडी. त्यांच्या वाट्याला वर्षभरात प्रयोगशाळेचे जे मोजके तास येतात, त्यांतले तीन आठवडे गेले. पुढच्या बैठकीत जुने मॉनिटर निर्लेखित करून नवे घेण्याचा प्रस्तावही आला. एक मॉनिटर साडेसहा हजारांना धरला तर वीसांचे एक लाख तीस हजार होतात. प्रस्ताव जवळजवळ मंजूर झालाच होता.

तो अडला तो दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्यामुळे. त्याने त्या केबलीचे निळे टोक पेचकसाने उघडून आणले आणि टेबलावर ठेवले. ‘सर, यात चिप नाही. नुसत्या तारा आहेत,’ एवढेच तो म्हणाला. त्या एका वाक्यात सगळा विषय होता. तो आम्हा सह्या करणाऱ्यांना समजायला मात्र बराच वेळ लागला.

मोडी, बाळबोध आणि दुभाषा

मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यामधला जोड दोन प्रकारचा असू शकतो, आणि हा भेद कळला की उरलेल्या गोष्टी सोप्या होतात. एकच मराठी मजकूर मोडीत लिहिलेला असेल आणि आपल्याला बाळबोधीत हवा असेल, तर अक्षरे बदलून घेतली की झाले. भाषा तीच राहते. परंतु मजकूर फारशीत असेल तर लिपी बदलून भागत नाही, तेथे दुभाष्या बसवावा लागतो. दुभाष्याला वेतन लागते, भोजन लागते, आणि त्याच्या हातून थोडेबहुत अर्थांतरही होते.

व्हीजीए ही जोडणी आयबीएमने १९८७ साली आपल्या पीएस/२ संगणकांबरोबर आणली. तेव्हाचे मॉनिटर काचेच्या नळीचे. लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांची तीव्रता चढत्या-उतरत्या विद्युतदाबाच्या रूपाने तारेतून जाई आणि नळीतला किरण त्या चढउताराप्रमाणे पडदा उजळीत जाई. याला अ‍ॅनालॉग पद्धत म्हणतात. पुढे पातळ पडद्याचे मॉनिटर आले. त्यांत ठिपक्यांची संख्या ठरलेली, प्रत्येक ठिपक्याला आकडा हवा. म्हणजे संगणक आपल्याजवळच्या आकड्यांचा विद्युतदाब करणार, तार तो वाहून नेणार, आणि मॉनिटर त्याचे पुन्हा आकडे करणार! हा द्राविडी प्राणायाम टाळण्यासाठी १९९९ मध्ये डीव्हीआय आली, आणि २००२ च्या अखेरीस दूरचित्रवाणी संच बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुढाकाराने एचडीएमआय. या दोन्हींतून चित्राचे आकडेच जातात, आणि महत्त्वाचे म्हणजे दोघींची भाषा एकच आहे. तेव्हा एचडीएमआय ते डीव्हीआय हा सांधा मोडी-बाळबोधीचा आहे. आत चिप नको, वेगळी वीज नको; साधी केबल पुरते आणि चित्रात काडीचाही फरक पडत नाही.

एचडीएमआय ते व्हीजीए हा मात्र भाषांतराचा मामला. तेथे आकड्यांचा विद्युतदाब करणारी चिप अडॅप्टरमध्ये असलीच पाहिजे आणि तिला वीजही मिळाली पाहिजे. ही वीज बहुधा एचडीएमआयच्याच छिद्रातून मिळते. ती अपुरी पडली तर बाजूला यूएसबीची शेपटी दिलेले अडॅप्टर मिळतात. आमच्या एकशे दहा रुपयांच्या केबलीत दुभाष्याच नव्हता. फारशी मजकूर जसाच्या तसा मराठी माणसापुढे ठेवला होता. अशी केबल बाजारात का विकली जाते, असे वाचक विचारतील. दोन्ही टोके बसतात म्हणून विकली जाते. ग्राहक टोके पाहतो. आत काय वाहते ते पाहण्याची सवय त्याला कोणी लावलेली नाही. यापुढे ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे चिपचा, आणि ‘पॅसिव्ह’ म्हणजे नुसत्या तारांचा, हे दोन शब्द तरी मागणीपत्रात लिहिण्याचा परिपाठ ठेवला पाहिजे.

दिशा हा दुसरा सापळा. डिस्प्लेपोर्ट ही २००६ साली व्हेसा या संघटनेने आणलेली जोडणी. तिची भाषा आणखी वेगळी. ती चित्राचे आकडे पाकिटे करून पाठवते. परंतु बहुतेक ग्राफिक्स कार्डांवरच्या डिस्प्लेपोर्टला एचडीएमआयची भाषाही बोलता येते. छिद्राशेजारी दोन अधिकचिन्हे असलेली खूण असली तर ती याचीच. त्यामुळे पेटीत डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल तर साधा, स्वस्त जोड चालतो. उलट, पेटीत एचडीएमआय आणि मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट असेल तर तीच केबल उलटी लावून काहीही होत नाही. तेथे वेगळी वीज घेणारा कन्व्हर्टरच लागतो. टोके तीच, किंमत मात्र कित्येक पट. म्हणून मागणीपत्रात ‘डिस्प्लेपोर्ट-एचडीएमआय केबल’ असे लिहून थांबू नये. कोणते टोक संगणकाकडे आणि कोणते मॉनिटरकडे हे लिहावे.

डीव्हीआयच्या बाबतीत डोळे उघडे ठेवले तर पुष्कळ कळते. तिच्या छिद्रात एका बाजूला आडवी फट असते. त्या फटीच्या वर-खाली मिळून चार बारीक छिद्रे असतील तर त्या जोडणीतून जुन्या पद्धतीचे अ‍ॅनालॉग चित्रही निघू शकते आणि चाळीस-पन्नास रुपयांचा ठोकळा लावून व्हीजीए मॉनिटर चालतो. चार छिद्रे नसतील तर तो ठोकळा बसतच नाही. बसत नाही म्हणून त्याच्या चार पिना पकडीने मोडून तो बसवणारे महाभागही असतात. त्यांना पुन्हा ‘नो सिग्नल’चेच दर्शन घडते. एएमडीने आपल्या वरच्या श्रेणीच्या कार्डांतून २०१३ पासून आणि एनव्हिडियाने २०१६ च्या मालिकेपासून ही अ‍ॅनालॉग सोय काढून टाकली आहे. दहा वर्षांपूर्वी चाललेला ठोकळा आज का चालत नाही, याचे उत्तर यात आहे.

आमच्याकडे हे सर्व समजल्यावर पहिल्यांदाच वीसही मॉनिटर वळवून त्यांच्या पाठी पाहिल्या गेल्या. त्यांपैकी सात मॉनिटरांना निळ्या व्हीजीएशेजारी पांढरी डीव्हीआय होती. इतकी वर्षे ती धूळ खात पडली होती. या सातांना दोनशे रुपयांची साधी केबल पुरली, आणि अक्षरे पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसू लागली, कारण आकड्यांचा दाब आणि दाबाचे पुन्हा आकडे हा फेरा टळला. उरलेल्या तेरांना प्रत्येकी तीनशे रुपयांचे चिपवाले अडॅप्टर घेतले. एकूण खर्च पाच हजार तीनशे. आधीच्या बाविसशे रुपयांवर पाणी सोडले ते वेगळेच. एक लाख तीस हजारांशी याची तुलना वाचकांनीच करावी.

टेक्सटाइल डिझाइन शिकणाऱ्या मुलांसाठी एका माजी विद्यार्थ्याने दिलेले एक जुने यंत्र आहे. त्यात २००९-१० च्या काळातील रेडिऑन कार्ड, दोन डीव्हीआय, एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट. चार छिद्रे आहेत, तेव्हा तीन मॉनिटर सहज चालतील असे वाटले. दोन चालले, तिसरा काही केल्या उजळेना. कारण छिद्रे किती यावर मॉनिटर किती हे ठरत नाही. डीव्हीआय आणि एचडीएमआय पद्धतीच्या प्रत्येक मॉनिटरला कार्डातून स्वतंत्र ताल द्यावा लागतो आणि त्या काळच्या त्या कार्डांत असे ताल दोनच होते. डिस्प्लेपोर्टला साधा जोड लावला की तोही डीव्हीआयचीच भाषा बोलू लागतो आणि तिसरा ताल मागतो. चिपवाला जोड लावला तर कार्ड आपल्या डिस्प्लेपोर्टच्या भाषेत बोलत राहते, आणि भाषांतर व ताल ही दोन्ही कामे जोडातली चिप सांभाळते. तो लावल्यावर तिसरा मॉनिटर उजळला. नव्या कार्डांना ही अडचण सहसा येत नाही. तथापि कार्ड एकूण किती मॉनिटर चालवते हा आकडा माहितीपत्रकात स्वतंत्र दिलेला असतो, तो वाचावा. यूएसबी-सीचेही तसेच. छिद्राचा आकार एकच, परंतु प्रत्येक यूएसबी-सीतून चित्र बाहेर पडतेच असे नाही. काहींतून केवळ वीज आणि माहिती जाते. मॉनिटर फार बारीक ठिपक्यांचा, म्हणजे ‘फोर-के’ असेल, तर जुन्या पिढीच्या एचडीएमआय जोडातून चित्र सेकंदाला तीसच वेळा बदलते आणि माउसचा बाण अडखळत चालतो, हे जाता जाता.

हमाली कोणाच्या खात्यावर?

इतक्या भाषा मुळात कशासाठी, हा प्रश्न कोणाही सुबुद्ध माणसाला पडेल. त्याचे उत्तर अभियांत्रिकीत अर्धे आणि अर्थशास्त्रात अर्धे आहे. व्हीजीएने निवृत्त व्हावे हे न्याय्यच होते. तिची उपयुक्तता नळीच्या मॉनिटरबरोबर संपत आली होती. परंतु तिचा शेवट आपोआप झाला नाही. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लिनोव्हो, सॅमसंग आणि एलजी यांनी संयुक्त घोषणा केली की २०१५ पर्यंत व्हीजीए हद्दपार होईल. घोषणा करणाऱ्यांत चिप बनवणारे होते, संगणक विकणारे होते, आणि पडदे बनवणारेही होते. जुनी जोडणी गेली की जुना पडदा जाणार आणि नवा विकला जाणार, हे त्यांना ठाऊक नव्हते असे मानण्याइतके आपण भाबडे नाही. त्यांनी काही अपराध केला असेही नव्हे. विकणे हाच त्यांचा व्यवसाय आहे. एचडीएमआयच्या मागे परवाना शुल्काचे गणित आहे : उत्पादक कंपनीने वार्षिक शुल्क भरावयाचे आणि शिवाय विकलेल्या प्रत्येक उपकरणामागे काही सेंट. डिस्प्लेपोर्टसाठी व्हेसा स्वतः असे प्रतिनग शुल्क घेत नाही. तरीही दूरचित्रवाणी संचांच्या बाजारात एचडीएमआयच रूढ झाली, कारण ज्याच्या-त्याच्या घरी ती आधीच होती. ज्या मानकाचे वापरणारे अधिक, त्याकडे आणखी वापरणारे ओढले जातात. गुणवत्तेचा विचार नंतर.

मानके अनेक झाली की सांध्यावर हमाली भरावी लागते. महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली ती साडेपाच फुटी रुळांवरून. पुढे स्वस्त पडते म्हणून मीटरगेज आले, आणखी स्वस्त म्हणून अडीच फुटी अरुंद रूळ आले. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे या अडीच फुटी रुळांची. ती कुर्डूवाडीला मुख्य मार्गाला भेटे, आणि बार्शीकडून आलेला प्रत्येक डाग तेथे एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे. रूळ घालताना वाचलेला पैसा असा डागाडागाने पुढची शंभर वर्षे भरला गेला. भरला कोणी? रूळ घालणाऱ्याने नव्हे. माल पाठवणाऱ्या शेतकऱ्याने आणि व्यापाऱ्याने. १९९२ साली रेल्वेने सर्वत्र एकच रुंदी करण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि बार्शीची लाइन या शतकाच्या पहिल्या दशकात रुंद झाली. रेल्वेचा मालक एक होता, म्हणून उशिरा का होईना हे शक्य झाले. मॉनिटरच्या बाजाराला असा मालक नाही. युरोपीय संघाने मोबाइलसारख्या उपकरणांच्या चार्जिंगपुरते २०२२ साली कायद्याने यूएसबी-सी बंधनकारक केले आणि डिसेंबर २०२४ पासून तो नियम अमलात आला; आपल्याकडे मानक ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये यूएसबी-सीचे भारतीय मानक प्रसिद्ध केले. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु ती नव्या खरेदीसाठी आहेत. ज्यांच्याजवळ जुने आहे आणि टाकून देण्याची ऐपत नाही, त्यांची कुर्डूवाडी चुकलेली नाही.

या गावाला हे कळायला हवे होते

भिवंडीत राहून हा धडा आम्हाला नव्याने शिकावा लागावा, याची खंत अधिक वाटते. हे गावच जुन्या यंत्राला नवा जोड देऊन जगलेले आहे. आपल्या गल्ल्यांतून अहोरात्र जो खडखडाट ऐकू येतो तो बव्हंशी साध्या मागांचा. येथला जॉबर धोट्याचा माग सुटा करून पुन्हा उभा करतो, डॉबी बसवतो, झिजलेला भाग शेजारच्या लेथवर घडवून घेतो. माग जुना झाला म्हणून भंगारात काढण्याचा विचार त्याच्या मनात सर्वांत शेवटी येतो. शासनालाही हे एकदा पटले होते. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाची ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजना १ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली ती भिवंडीतूनच. तिच्या एका भागात साध्या मागांवर आहे त्या जागी जोडयंत्रे बसवण्यासाठी अनुदान होते : उभा धागा तुटताच माग थांबवणारे यंत्र, आडवा धागा संपताच थांबवणारे यंत्र, चांगला ब्रेक. सर्वसाधारण मागधारकाला खर्चाच्या पन्नास टक्के, अनुसूचित जातींच्या मागधारकाला पंचाहत्तर, अनुसूचित जमातींच्या मागधारकाला नव्वद टक्के. ती योजना कितपत फळली यावर मतभेद होतील. पण तिच्या मुळाशी असलेला विचार बिनचूक होता : जुन्या यंत्रावर बसवलेला छोटा जोड हाही भांडवलनिर्मितीचाच भाग आहे. मागाला लागू पडणारे हे तत्त्व मॉनिटरला लागू पडत नाही असे कोणी म्हणणार नाही. आपल्या नमुन्यांत आणि निविदांत मात्र त्याला जागा नाही. नव्या यंत्रासाठी अनुदानाचे शीर्षक असते. जोडासाठी ‘किरकोळ’.

आणखी एक गंमत सांगावीशी वाटते. ते तेरा अडॅप्टर आम्ही अखेर संगणकावरून मागवले. मुंबईत लॅमिंग्टन रोडला कोणीतरी जाऊन यावे असा विचार होता, पण दिवस मोडला असता. दुसऱ्या दिवशी पुडके आले. वेष्टनावर पाठवणाऱ्या गोदामाचा पत्ता पाहिला तो आमच्याच तालुक्यातला, महाविद्यालयापासून रिक्षाने अर्ध्या तासाच्या अंतरावरचा. मुंबईची जकात वाचवण्यासाठी आणि स्वस्त जमिनीसाठी एके काळी ही गोदामे माणकोली, राहनाळ, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यात उभी राहिली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, तरी गोदामे वाढतच राहिली. देशभर जाणारे असले जोड भिवंडीच्या मातीवर रचून ठेवलेले असतात, आणि भिवंडीतील वीस मॉनिटर त्यांच्यावाचून तीन आठवडे काळे पडून राहतात. उणीव वस्तूची नव्हती. कोणती वस्तू मागावी हे लिहिता येण्याची होती.

यावर काही मित्र म्हणतात, जुन्या मॉनिटरचे एवढे कौतुक कशाला, आज ना उद्या ते जाणारच. जातील. जेव्हा जातील तेव्हा २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत संस्थेकडे द्यावे लागतील. हे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पुष्कळ जुन्या पातळ मॉनिटरांत पडद्यामागे लहान ट्यूबलाइटसारख्या नळ्या असतात आणि त्यांत पारा असतो. ते भंगारवाल्याच्या गाडीवर टाकून मोकळे होण्यासारखे नाहीत. चालू स्थितीतला मॉनिटर दोनशे-तीनशे रुपयांच्या अभावी त्या वाटेने जावा, ही काटकसर नव्हे आणि आधुनिकताही नव्हे. उलट, जो मॉनिटर अंधुक झाला आहे, ज्याच्याकडे पाहून मुलांचे डोळे दुखतात, त्याला जोड लावून आणखी पाच वर्षे रेटणे हाही शहाणपणा नाही. आमच्या वीसांपैकी दोन तसे निघाले. ते आम्ही काढले. निवड यंत्र पाहून करावी. वय पाहून करू नये, आणि निविदेतला सर्वांत खालचा आकडा पाहून तर नाहीच.

प्रयोगशाळा आता सुरू आहे. एक गोष्ट तेवढी अजून मिटलेली नाही. अडॅप्टर आले त्या दिवशी कार्यालयातील भांडार सांभाळणारे ज्येष्ठ लिपिक नोंदवही घेऊन आले आणि म्हणाले, ‘सर, हे डेडस्टॉकला घेऊ की कन्झ्युमेबलला?’ प्रश्न रास्त होता. कन्झ्युमेबलला घेतले तर खडू आणि फिनेलबरोबर वर्षअखेरीस ते संपले असे दाखवावे लागणार, आणि पुढच्या वर्षी कोणी ते खिशात घालून नेले तरी हिशेब विचारता येणार नाही. डेडस्टॉकला घेतले तर प्रत्येकावर रंगाने क्रमांक घालावा लागणार, आणि अंगठ्याएवढ्या वस्तूवर क्रमांक लिहिण्याइतका बारीक ब्रश आमच्याकडे नाही. मी त्यांना म्हटले, साहेब, तूर्त पेन्सिलीने नोंद करा. तेरा अडॅप्टर आणि सात केबली त्यांच्या वहीत अद्याप पेन्सिलीने आहेत, आणि लेखापरीक्षक पुढच्या महिन्यात यावयाचे आहेत.